एका क्रियापदाचे एकशे सदतीस उपयोग

राजलक्ष्मीने वडिलांकडे फार काही मागितलं नव्हतं. रोज संध्याकाळी अर्धा तास त्यांनी पेशंट व्हायचं, एवढंच. कॉटवर आडवं पडायचं, कुठंतरी दुखतंय म्हणून इंग्रजीत कण्हायचं आणि ती नर्स म्हणून जे विचारील त्याची उत्तरं द्यायची. ती बारामतीच्या एका खासगी हॉस्पिटलात नर्स होती. आयर्लंडमधल्या एका हॉस्पिटलाने तिला नोकरी देऊ केली होती आणि मध्ये आडवी आली होती ती इंग्रजीची परीक्षा. लिहिण्या-वाचण्याची तिला भीती नव्हती. पण तोंडी परीक्षेत समोर एक माणूस पेशंट होऊन बसतो आणि पाच मिनिटांत त्याच्याशी बोलून त्याची समजूत घालायची असते. नोव्हेंबरात पास झाली तर जानेवारीत दोन मैत्रिणींबरोबर जायचं. नाही तर पुढची तुकडी कधी निघणार, हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

आता हे काम इंदापुरात कुंडलिक सरांपेक्षा कुणाला चांगलं जमलं असतं? चौतीस वर्षं त्यांनी हायस्कुलात इंग्रजी शिकवलं होतं. तालुक्यातले निम्मे ग्रामसेवक आणि झाडून सगळे कंडक्टर त्यांच्या हातच्या छड्या खाऊन इंग्रजीत पस्तिशीला पोचले होते. निवृत्त होऊन त्यांना तीन वर्षं झाली होती आणि या तीन वर्षांत त्यांना इंग्रजीतलं एक अक्षर कुणी विचारलं नव्हतं. त्यामुळे लेकीने विचारलं तेव्हा सर इतके खूश झाले, की त्याच संध्याकाळी ते कॉटवर आडवे झाले. त्यांच्या पत्नीने, म्हणजे संजीवनीबाईंनी, डोक्याखाली उशी दिली आणि पेशंटचे नातेवाईक म्हणून त्या पायथ्याशी बसल्या.

राजलक्ष्मी आली. गुड ईव्हनिंग म्हणाली. टेक अ डीप ब्रेथ, म्हणाली. सरांनी दीर्घ श्वास घेतला. आर यू टेकिंग युअर टॅब्लेट्स, असं तिने विचारलं. सरांनी मान हलवली. मग ब्लडप्रेशर टेक करते म्हणाली, त्याला दोन मिनिटं टेक करतील म्हणाली आणि शेवटी शर्ट टेक ऑफ करा म्हणाली. इथे पेशंट ताडकन उठून बसला.

"थांब. तू पाच वेळा टेक म्हणालीस. पाची टेक वेगळे. त्यांतला फरक सांग बरं."

"फरक कशाला पायजे, आप्पा? पेशंटला कळलं म्हंजे झालं की."

"पेशंटला कळेल गं. पण तुला कळलेलं नाही, हे परीक्षकाला कळेल. आधी टेक पक्कं करू. एकदा टेक आलं की निम्मं इंग्रजी आलं."

झालं. चौतीस वर्षं खुर्चीत बसलेल्या माणसाला कॉटवर निजवणं अवघड असतं, हे राजलक्ष्मीच्या तेव्हा लक्षात यायला हवं होतं. तिला वाटलं, एखाद्या दिवसाचा प्रश्न आहे. सरांनी कपाटातून लांबडी वही काढली, समास आखला आणि पहिल्या पानावर क्रियापदाचं नाव लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या.

आणि खरोखर, ते क्रियापद सरांना वाटलं होतं त्यापेक्षा फारच लबाड निघालं. आपण परीक्षा देतो, इंग्रज तीही घेतो. आपण फोटो काढतो, एसटी पकडतो, डुलकी काढतो, फेरी मारतो. हा बाबा फोटो घेतो, बस घेतो, डुलकी घेतो, फेरीसुद्धा घेतो. आपल्याला वेळ लागतो, तर त्याचं काम वेळ घेतं. मूल बापावर गेलं तरी तिथे घेणंच. विमान उडालं तरी घेणंच. ज्या लोकांना घेण्याशिवाय दुसरं क्रियापद सुचत नाही, ते आपल्या देशात दीडशे वर्षं काय करत होते याचा उलगडा सरांना त्या आठवड्यात झाला आणि तो त्यांनी संजीवनीबाईंना दोनदा समजावून सांगितला. पहिल्या आठवड्यात एकेचाळीस उपयोग झाले. दुसऱ्यात सत्तर.

राजलक्ष्मी ड्युटी संपवून साडेसहाच्या एसटीने यायची. हातपाय धुवायची आणि चहाचा कप घेऊन दारात उभी राहायची.

"आप्पा, बसायचं का?"

"आज नको. आज टेक ओव्हर आणि टेक अप यांच्यात अडकलोय. उद्यापासून नक्की."

हे उद्यापासून सर मनापासून म्हणायचे. त्यांच्या मनात खोट नव्हती. आपण जे करतोय ते तिच्यासाठीच, या समजुतीत ते गळ्यापर्यंत बुडाले होते, आणि अशा समजुतीतून माणसाला बाहेर काढणं फार कठीण.

त्यात शेजारी चाँदभाई. चाँदभाईंचा एसटी स्टँडजवळ छापखाना होता. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स आणि दशक्रियेच्या पत्रिका, या तीन गोष्टींत त्यांचा हात धरणारं तालुक्यात कुणी नव्हतं. त्यांनी वही चाळली आणि डोक्यावरची टोपी मागे सारली.

"सर, हे वहीत कुजवू नका. पुस्तक काढू. आपल्या पोरींना आन् पोरांना उपेग हुईल. मी छापतो की!"

सर एकदा नको म्हणाले. रीत म्हणून नको म्हणाले. चाँदभाईंना रीत ठाऊक होती, त्यांनी दुसऱ्यांदा आग्रह केला आणि सर तयार झाले.

चाँदभाईंनी जन्मात पुस्तक छापलं नव्हतं. पण त्यांच्या कॉम्प्युटरवर लग्नपत्रिकेचे साचे तयार होते आणि त्यातलाच एक, बदामी रंगाचा, त्यांनी पुस्तकासाठी घेतला. पहिलं प्रूफ आलं. प्रत्येक पानाच्या डोक्यावर सनई-चौघडा होता. बाविसाव्या पानावर टेक अ बाथ, टेक अ रेस्ट, टेक अ चान्स असे तीन उपयोग सोदाहरण दिले होते आणि त्यांच्याखाली ठळक अक्षरांत छापलं होतं, 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं!'

"ती वळ साच्यातच हाय, सर," चाँदभाई शांतपणे म्हणाले. "काढली तर पान वर सरकतंय."

सरांनी ती काढायला लावली. पान वर सरकलं. मग साठ पानं वर सरकली आणि टेकचा भूतकाळ वर्तमानकाळाच्या आधी आला. ते नीट करायला अकरा दिवस लागले. या अकरा दिवसांतही संध्याकाळी साडेसहाला एसटी येत होती.

पुढे दोन-तीन दिवसांनी सर प्रूफ द्यायला चाँदभाईंच्या घरी गेले, तर आतल्या खोलीतून कण्हण्याचा आवाज आला. चाँदभाईंची बायको फरहत दिवाणावर आडवी पडली होती आणि राजलक्ष्मी तिचा हात हातात घेऊन इंग्रजीत बोलत होती.

"या अल्ला," फरहत म्हणत होती, "लई कळ यिती गं बाय. हितं, बरगडीखाली."

राजलक्ष्मीने इंग्रजीत काहीतरी धीर दिला. फरहतला इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. पण पेशंट म्हणून ती इतकी मन लावून आजारी पडली होती, की सरांनाच क्षणभर डॉक्टरला बोलवावंसं वाटलं.

"व्हय, घेते गोळी," फरहत म्हणाली. "तुजं लई उपकार हायेत बाय."

सर उंबऱ्यावरूनच परत फिरले. खरं सांगायचं तर त्यांना फार लागलं. चौतीस वर्षांच्या नोकरीवर, बीएडच्या पदवीवर आणि आदर्श शिक्षक पुरस्काराच्या फ्रेमवर एका न शिकलेल्या बाईने मात केली होती, तीही नुसतं आडवं पडून. त्या वेळी आत जाऊन 'सरका फरहतभाभी, मी झोपतो' एवढं म्हणण्याची बुद्धी त्यांना व्हायला हवी होती. ती झाली नाही. झाला तो निश्चय. पुस्तक असं काढायचं की लेकीला कळलं पाहिजे, आपला बाप कोण आहे.

अशा निश्चयाच्या माणसाला विजयसिंह आबा भेटणं म्हणजे उतारावरच्या बैलगाडीला मागून धक्का मिळणं. आबा बावड्याचे. दोनदा सरपंच होते, आता एका पतसंस्थेचे अध्यक्ष होते आणि त्यांचे तिन्ही मुलगे सरांच्या हाताखालून गेले होते.

"पुस्तक काढताय आन् प्रकाशन न्हाय?" आबा चकित झाले. "सर, ह्ये म्हंजे बारसं न करता पोरगं शाळंत घातल्यावानी हाय. हॉल घ्या, पाव्हणा आणू, सपत्नीक सत्कार करू. आन् पुस्तकात शुभेच्छुकांचे फोटो टाका. नायतर मानसं रुसत्यात."

फोटो टाकायचे ठरले. आबांचा एक. मग पतसंस्थेचं संचालक मंडळ, कारण एकट्या आबांचा बरा दिसत नाही. मग दूध संघाचे दोघे, कारण पतसंस्था आली आणि ते राहिले असं व्हायला नको. बावीस फोटो झाले. चाँदभाईंचा त्यात हात बसलेला, त्यांनी प्रत्येकाला पांढरा शर्ट, कपाळावर टिळा आणि मागे उगवता सूर्य दिला. क्रियापदाला जागा कमी पडू लागली तेव्हा सरांनी जड अंतःकरणाने शेवटच्या एकवीस उपयोगांची अक्षरं बारीक केली.

हॉलचं निराळंच. हॉल हवा तर स्पीकरचा परवाना दाखवा, असं हॉलवाले म्हणाले. परवाना हवा तर हॉलची पावती दाखवा, असं परवानावाले म्हणाले. सर आठ दिवस या दोघांच्या मधे चालले. शेवटी परवान्याच्या खिडकीतल्या माणसाने मान वर केली आणि तो उभाच राहिला. "सर, मी दहावी ब. तुमी मला बाकावर हुबं केलं हुतं." त्याने परवाना दिला. पण आधी सरांना पाऊण तास त्याच्या खिडकीसमोर उभं केलं.

राहिली तारीख. राजलक्ष्मीची तोंडी परीक्षा पुण्यात होती, पंधरा नोव्हेंबरला, सकाळी अकराला. तिने वडिलांना विचारलं होतं, "आप्पा, याल न्हवं माझ्यासंगं? तुमी बाहेर बसलात तरी मला धीर येतो." सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं होतं, की मी येणार, त्यात विचारायचं काय. प्रकाशन ठरलं होतं आठ नोव्हेंबरला. सगळं जिथल्या तिथे होतं.

पण आमच्याकडे कार्यक्रमाची तारीख यजमान ठरवत नाही. ती पाहुण्याच्या सोयीने ठरते, आणि नोव्हेंबरात पाहुण्याची सोय साखर कारखाना ठरवतो. आठ तारखेला एका कारखान्याचा हंगाम सुरू करायला गव्हाणीत उसाची पहिली मोळी टाकायचं निघालं. पाहुणा मोळीला जाणार, पुस्तकाला कसा येणार? बारा तारीख धरली. बाराला दुसऱ्या कारखान्याची मोळी निघाली. आबांनी फोनवर फोन केले आणि विजयी मुद्रेने सरांच्या घरी आले.

"पंधरा. सकाळी अकरा. पाव्हणं सोता हो म्हनल्यात."

सरांनी राजलक्ष्मीकडे पाहिलं. ती भाजी निवडत होती.

"आबा, त्या दिवशी मला पुण्याला..." सर म्हणाले.

"आवो, चौकात फ्लेक्स लागला की! तुमचा फोटो कमानीएवढा हाय. आता पाव्हण्याला न्हाय म्हनायचं म्हंजे माझी मान खाली."

"जावा, आप्पा," राजलक्ष्मी भाजीवरची नजर न काढता म्हणाली. "माझं काय, मी जाईन. पाच मिनिटांची तर परीक्षा हाय."

ती इतक्या सहज म्हणाली, की सरांनी ते खरं मानलं. खरं म्हणजे त्यांनी ते खरं मानायचं ठरवलं.

पंधरा तारखेला पहाटेच्या एसटीने राजलक्ष्मी निघाली. संजीवनीबाई तिच्याबरोबर निघाल्या. "तुमचा सत्कार सपत्नीक हाय म्हणं. पत्नी पुण्याला गेली म्हणून सांगा," एवढंच त्या नवऱ्याला म्हणाल्या.

सर अकराला व्यासपीठावर बसले. शेजारची खुर्ची मोकळी होती. पाहुणे आले नव्हते. साडेअकराला नव्हते, बारालाही नव्हते. ते साडेबाराला आले. राजलक्ष्मीची परीक्षा तोवर होऊन गेली होती. स्वागतात बावीस शुभेच्छुकांना शाल आणि नारळ देण्यात आला. सपत्नीक सत्काराची वेळ आली तेव्हा सूत्रसंचालक गोंधळला आणि त्याने संजीवनीबाईंची साडी, खण, नारळ हे सगळं रिकाम्या खुर्चीवर नीट मांडून ठेवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाहुणे चाळीस मिनिटं उसाच्या साखर-उताऱ्यावर बोलले आणि सरांची ही कादंबरी घराघरांत वाचली जाईल, असा विश्वास त्यांनी शेवटी व्यक्त केला. लेखकाचं मनोगत सुरू होताच हॉलचा माणूस दारात येऊन घड्याळ दाखवू लागला, कारण तीनला साखरपुडा होता. एकशे सदतीस उपयोगांपैकी सरांना दोन सांगता आले. त्यातला दुसरा सांगताना ते लोकांकडे का पाहत नाहीत, ते पुढच्या रांगेला कळलं नाही. सर पाहत होते खुर्चीवरच्या त्या साडीकडे.

संध्याकाळी मायलेकी आल्या. राजलक्ष्मीने चप्पल काढली आणि ती पाणी प्यायली. सरांनी विचारलं, "कसं झालं?"

"पेशंट हट्टी निघाला, आप्पा," ती म्हणाली. "रिटायर्ड मास्तर होता. छातीत दुखतंय आन् ॲडमिट व्हायला तयार न्हाय. म्हणतो, माझं एक महत्त्वाचं काम हाय, आधी ते संपवतो. मी एक बोलले की तो भलतंच सांगायचा. मधेच तोडायचा. मला सुचेचना. फरहतभाभी असं कधी करतच न्हवती. तिला गोळी घ्या म्हणलं की ती घ्यायची."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. ती खरोखर परीक्षेचं सांगत होती. पण सर खाली बसले. हट्टी मास्तर! अख्ख्या पुणे जिल्ह्यात शोधून सापडला नसता असा हट्टी मास्तर दीड महिना तिच्या घरात बसून होता. कॉटवर नुसता पडला असता तरी पुरे होतं. त्याला काही सोंगसुद्धा आणावं लागलं नसतं. संजीवनीबाई त्यांच्याकडे न बघता आत गेल्या.

निकाल लागला. तोंडी परीक्षेत ती थोडक्यात नापास झाली. जानेवारीत मैत्रिणी गेल्या, त्यांना निरोप द्यायला राजलक्ष्मी विमानतळावर जाऊन आली आणि आल्यावर म्हणाली, की एसटीत रोज तीन तास जातात, तेव्हा पणदऱ्याची उत्कर्षा म्हणून हॉस्पिटलात एक नर्स आहे, तिच्याबरोबर बारामतीतच खोली घेते. दोघी मिळून सराव करतील. सर म्हणाले, "अगं, मी आहे ना आता. मी मोकळा आहे." ती म्हणाली, "तुमाला कशाला तरास, आप्पा." हे तिने मायेने म्हटलं, म्हणून ते जास्त टोचलं.

मार्चमध्ये ती पास झाली. मेअखेरीस निघायचं ठरलं. शेवटचे आठ दिवस ती घरी आली. दोन बॅगा, त्यांची वजनं, कागदपत्रांच्या झेरॉक्स, फरहतने करून दिलेला मसाला, या सगळ्यात घर भरून गेलं. चाँदभाईंच्या छापखान्यात पुस्तकाचे गठ्ठे पडून होते, ते त्यांनी फ्लेक्सच्या रिळांखाली सरकवले होते. सरांनी त्यांची चौकशीही केली नाही.

निघायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी राजलक्ष्मी अंगणात मोबाईल बघत बसली होती. सरांनी दुपारपासून मनाशी जुळवाजुळव केली होती. ते बाहेर आले, खुर्ची ओढली आणि घसा साफ केला.

"अर्धा तास बसू या का?" ते म्हणाले. "तू नर्स, मी पेशंट. मी अजिबात दुरुस्त्या करणार नाही. तू म्हणशील ते ऐकेन."

राजलक्ष्मीने वर पाहिलं. ती हसली आणि तिने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"आता कशाला, आप्पा? आता झाले की मी पास."

मग आतून आईने हाक मारली, दुसऱ्या बॅगेची चेन बसत नव्हती, आणि ती उठून गेली. तिचं काही चुकलं नव्हतं. बापाजवळ बसायचं ते परीक्षेपुरतं, असंच तिच्या मनात बसलं होतं, आणि चौतीस वर्षांच्या नोकरीत सरांनी कुणाला काही इतकं पक्कं शिकवलं नव्हतं. लेकीजवळ अर्धा तास बसायला त्यांच्याकडे आता कोणतंही कारण शिल्लक नव्हतं. कारण लागत नाही, हे त्यांना तेव्हा कळलं, पण तोवर आत बॅगेची चेन बसली होती आणि संजीवनीबाई जेवायला हाका मारत होत्या.